शब्द पाठ होतात, पण उतारा कळत नाही – आयईएलटीएस रीडिंगसाठी मार्ग सांगा

सातपुडा_सखी (जळगाव)

नमस्कार मंडळी. मी चोपडा तालुक्यातली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग बीएस्सी नर्सिंग. सध्या जळगावात एका खासगी रुग्णालयात आयसीयूला आहे. ब्रिटनला जायची इच्छा आहे. तिथल्या नर्सिंग कौन्सिलला (एनएमसी) इंग्रजीच्या परीक्षेत, म्हणजे आयईएलटीएस अ‍ॅकॅडेमिकमध्ये लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंगला ७ आणि रायटिंगला ६.५ लागतात. माझे लिसनिंग ७, स्पीकिंग ७, रायटिंग ६.५ आले. रीडिंग ६. एवढ्यावरून अडलं.

मी अभ्यास कमी केला असं नाही. क्लासमध्ये ३००० शब्दांची यादी दिली होती, ती वहीत उतरवून रोज ५० शब्द पाठ केले. 'अ‍ॅबॅन्डन' म्हणजे सोडून देणे, 'अ‍ॅबेट' म्हणजे ओसरणे. 'ए'चे शब्द अजून तोंडपाठ आहेत, 'एम'च्या पुढचं सगळं पुसट झालंय. आणि उतारा समोर आला की शब्द ओळखीचे वाटतात, पण वाक्य काय म्हणतंय ते हाती लागत नाही. तीनदा वाचते, तोवर वेळ जातो.

नाइट ड्युटी महिन्यातून दोन आठवडे असते. दिवसाला दीड तास मिळतो. नक्की काय करू?

भुसावळ_आऊटर

ताई, धाकट्या भावाचा अभ्यास जवळून पाहिलाय म्हणून आधी विचारतो. घरी सराव पेपर सोडवता तेव्हा ४० पैकी किती बरोबर येतात? कुठल्या प्रकारचे प्रश्न चुकतात? वेळ कुठे जातो? हे कळल्याशिवाय सल्ला देणं म्हणजे पेशंट न तपासता गोळी देण्यासारखं होईल.

सातपुडा_सखी

भाऊ, मागचे पाच पेपर काढून बसले. २३, २५, २४, २४, २३. सगळ्यात जास्त चुका ट्रू–फॉल्स–नॉट गिव्हनमध्ये (विधान बरोबर, चूक, की उताऱ्यात ते दिलेलंच नाही). त्याखालोखाल परिच्छेदाला मथळा जुळवायचे प्रश्न. पहिल्या उताऱ्याला २६-२७ मिनिटं जातात, तिसऱ्याला जेमतेम १२ उरतात. शेवटचे सहा-सात प्रश्न अंदाजाने भरते.

गिरणाकाठ (निवृत्त शिक्षक)

सातपुडा_सखी, तुमचा हिशेब फार उपयोगी आहे. परीक्षा घेणाऱ्यांनीच जाहीर केलेल्या सरासरीनुसार अ‍ॅकॅडेमिक रीडिंगमध्ये २३ बरोबर म्हणजे ६ बँड (तुमचा निकालातला आकडा) आणि ३० बरोबर म्हणजे ७. पेपरागणिक एखाद्या गुणाचा फरक पडतो. म्हणजे तुम्हाला आणखी सहा-सात उत्तरं हवी आहेत. त्यासाठी ३००० शब्द लागत नाहीत.

मी तीस वर्षांहून अधिक काळ पाचोरा–चाळीसगाव भागात इंग्रजी शिकवलं. मराठी माध्यमाच्या हुशार मुलांची अडचण नेमकी तुमच्यासारखी असते. शब्द एकेकटे पाठ असतात, त्यांची सोबत माहीत नसते. आपण 'थंडी वाजते' म्हणतो, 'ऊन लागतं' म्हणतो, 'दव पडतं' म्हणतो. बाहेरून आलेला माणूस 'थंडी लागते' म्हणाला की आपल्या कानाला लगेच खटकतं. त्याला थंडीचा अर्थ माहीत असतो, थंडीचं क्रियापद माहीत नसतं. इंग्रजीतही चहा 'स्ट्राँग' असतो आणि पाऊस 'हेवी' असतो. म्हणून वहीत नुसतं 'इव्हिडन्स = पुरावा' लिहू नका. ज्या वाक्यात तो शब्द भेटला ते अख्खं वाक्य लिहा. 'इव्हिडन्स सजेस्ट्स दॅट' असं दोनदा भेटलं की तिसऱ्यांदा डोळा तिथे अडत नाही.

आता कोणते शब्द. २००० साली न्यूझीलंडमध्ये अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी सुमारे ३५ लाख शब्दांचा शैक्षणिक मजकूर तपासून 'अ‍ॅकॅडेमिक वर्ड लिस्ट' काढली. त्यात ५७० शब्दकुटुंबं आहेत. अ‍ॅनलाइज, असेस, अझ्यूम, एस्टिमेट, फॅक्टर, एव्हिडंट असे. शैक्षणिक मजकुरातला साधारण दर दहावा शब्द या ५७० कुटुंबांतला निघतो. इंग्रजीतली नेहमीची दोन हजार कुटुंबं तुम्हाला बहुतेक येतात, नाहीतर लिसनिंगला ७ आले नसते. तेव्हा ३००० शब्दांची वही बाजूला ठेवा आणि ही ५७० घ्या. कुटुंब म्हणजे अ‍ॅनलाइज, अ‍ॅनालिसिस, अ‍ॅनॅलिटिकल एकत्र. आपण कर, करणी, करणारा, कर्ता वेगळे पाठ करत नाही, तसंच.

आणखी एक. संस्कृतात एका 'हृ' धातूला उपसर्ग लागून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार होतात. इंग्रजीत लॅटिनच्या 'ड्यूस'चं तेच होतं: रिड्यूस, प्रोड्यूस, इन्ट्रोड्यूस, डिड्यूस. तुम्हाला तर नर्सिंगमुळे ग्रीकही येतं. हायपोटेन्शन आणि हायपरटेन्शनमधला फरक झोपेतही सांगाल. तोच 'हायपो', म्हणजे खाली, 'हायपोथिसिस'मध्ये आहे: युक्तिवादाच्या खाली ठेवलेलं गृहीतक. असे किती शब्द तुमच्याकडे आधीच आहेत ते एकदा मोजा.

कळण्याची_भाकर (धुळे)

सरांचा मान राखून थोडं वेगळं सांगतो. मी बँकेच्या परीक्षेला शब्द पाठ करूनच पास झालो. रोज ३० शब्द, समानार्थी-विरुद्धार्थी सकट. पाठांतराला उगाच नावं ठेवू नयेत. खेड्यातल्या मुलाकडे इंग्रजी वाचायला पेपर तरी कुठे येतो? यादी असते, ती तो पाठ करतो.

गिरणाकाठ

कळण्याची_भाकर, तुमचं म्हणणं खरं आहे. बँकेच्या पेपरात समानार्थी शब्द थेट विचारतात, तिथे यादी कामाला येते. आयईएलटीएसमध्ये शब्दाचा अर्थ सहसा सरळ विचारत नाहीत. तिथे उताऱ्यात 'डिक्लाइन' असतं आणि प्रश्नात 'फॉल' असतं. उताऱ्यात 'चिल्ड्रन', प्रश्नात 'द यंग'. एकच गोष्ट दोन तऱ्हांनी सांगितली आहे हे ओळखणं हीच परीक्षा. म्हणून सराव पेपर सोडवल्यावर दोन रकाने करा: डावीकडे उताऱ्यातले शब्द, उजवीकडे प्रश्नातले. तुमच्या समानार्थी शब्दांच्या सवयीचा इथे खरा फायदा होईल.

पेपर मिळत नाही याचं दुःख मलाही आहे. पण आता फोनवर विकिपीडियाची सोप्या इंग्रजीतली आवृत्ती फुकट आहे, आणि ब्रिटिश कौन्सिलच्या संकेतस्थळावर पातळीनुसार लावलेले उतारे आहेत. पन्नास शब्दांत एखादाच अडेल अशा मजकुरापासून सुरुवात करा. पाच-सहा अडू लागले तर तो मजकूर सध्या सोडून द्या, त्यात तुमची चूक काही नाही.

मृगबाग (मूळ रावेर, सध्या नेदरलँड्स)

ट्रू–फॉल्स–नॉट गिव्हनबद्दल मी लिहितो, कारण माझेही गुण पहिल्या वेळी तिथेच गेले. मला ते समजलं आमच्या केळीवरून. समजा उतारा असा आहे:

"रावेर–यावल पट्ट्यातल्या अनेक शेतकऱ्यांनी केळीबागा पाटपाण्यावरून ठिबकवर नेल्या. त्यामुळे पाणी कमी लागू लागलं आणि मजुरी वाचली. काही शेतकरी मात्र अजून पाटपाणीच देतात."

आता विधानं बघा. 'ठिबकला पाटपाण्यापेक्षा मजूर जास्त लागतात': फॉल्स, कारण उतारा उलट सांगतो. 'या पट्ट्यातले सगळे शेतकरी ठिबकवर आले आहेत': हेही फॉल्स, शेवटचं वाक्य ते खोडतं. 'ठिबकमुळे घडाचं वजन वाढलं': इथे आमचे अप्पा क्षणाचाही विलंब न लावता 'ट्रू' म्हणतील. त्यांनी मृगबाग आणि कांदेबाग या केळीच्या दोन्ही हंगामांतल्या लागवडी केल्या, त्यांना माहीत आहे. पण उताऱ्यात घडाच्या वजनाचा शब्द नाही. उत्तर नॉट गिव्हन.

सखी, तुम्ही नर्स आहात. आरोग्यावरचा उतारा आला की तुमचं ज्ञान असंच मधे येणार. औषध, संसर्ग, झोप, आहार यावर तुम्हाला इतकं माहीत असतं की उतारा न बोललेलंही तुम्हाला ऐकू येतं. त्या उताऱ्यापुरतं तुम्हाला त्या विषयातलं काहीच माहीत नाही असं धरून चाला. प्रत्येक उत्तराला विचारा: कुठल्या ओळीत आहे? फॉल्स म्हणायचं तर खोडणारी ओळ बोटाने दाखवता आली पाहिजे. ओळ दाखवता येत नसेल तर बहुतेक वेळा नॉट गिव्हन.

आणि या प्रकारच्या प्रश्नांची उत्तरं उताऱ्यात क्रमाने येतात. तिसरं सापडलं आणि पाचवं सापडलं, तर चौथं त्यांच्या मधेच शोधायचं. तिथे नसेल तर पुढे भटकू नका. मथळे जुळवायच्या प्रश्नांना हा क्रम नसतो, हे मात्र लक्षात ठेवा.

सातपुडा_सखी

मृगबाग भाऊ, हे कोणी असं सांगितलंच नव्हतं. आत्ता जुना पेपर काढून पाहिला. झोपेवरचा उतारा, चार चुका, त्यातल्या तीन ठिकाणी मी ट्रू लिहिलं होतं आणि उत्तर नॉट गिव्हन होतं. तिन्ही गोष्टी आम्हाला वॉर्डमध्ये रोज दिसतात.

पण वाक्यच कळत नाही त्याचं काय? लांब वाक्य आलं की मी मनात मराठी करायला लागते आणि अर्ध्यात हरवते.

तोरणमाळ (नंदुरबार जिल्हा)

ताई, मी धडगाव भागात शिक्षक आहे. आमच्या वर्गातल्या बहुतेक मुलांची घरची भाषा पावरी किंवा भिली. मराठीच त्यांच्यासाठी दुसरी भाषा, इंग्रजी तिसरी. त्यांना वाक्य फोडायला शिकवता शिकवता जे हाती लागलं ते सांगतो.

मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे आपण नकळत शेवटाची वाट बघत वाचतो. इंग्रजीत मुख्य क्रियापद मधेच कुठेतरी येऊन जातं आणि आपल्या हातून निसटतं. हे वाक्य बघा:

"द डिक्लाइन इन ग्राउंडवॉटर लेव्हल्स रेकॉर्डेड अक्रॉस द बेसिन हॅज फोर्स्ड ग्रोअर्स टू डिग डीपर."

बहुतेक मुलं 'रेकॉर्डेड'ला मुख्य क्रियापद समजतात आणि पुढे 'हॅज फोर्स्ड' आलं की गोंधळतात. मराठीत आपण 'पातळी नोंदली' आणि 'नोंदलेली घट' वेगळं बोलतो. '-ली' आणि '-लेली' हा फरक आपल्याला कोणी शिकवावा लागत नाही. इंग्रजीत दोन्हीकडे 'रेकॉर्डेड'च. मग ओळखायचं कसं? त्या शब्दाच्या आधी मनात 'विच वॉज' घालून बघा. 'द डिक्लाइन विच वॉज रेकॉर्डेड अक्रॉस द बेसिन' – बसलं. म्हणजे ते '-लेली' आहे, मुख्य क्रियापद अजून पुढे आहे. 'हॅज फोर्स्ड'च्या आधी 'विच वॉज' बसत नाही. तेच मुख्य. मग हाडं उरतात: घटीने भाग पाडलं. कुणाला? शेतकऱ्यांना. काय करायला? खोल खणायला.

रोज फक्त पाच लांब वाक्यं घ्या. मुख्य क्रियापदाखाली रेघ, कर्त्याभोवती गोल. पूर्ण मराठी भाषांतर करू नका, हाडं तेवढी सांगा. माझी आठवीची मुलं हे करतात, तुम्हाला पंधरा दिवसांत हात बसेल.

छोट्या शब्दांकडेही लक्ष द्या. 'अनलेस', 'डिस्पाइट', 'वेअरअ‍ॅज', 'हार्डली', 'लार्जली'. 'फ्यू' म्हणजे जवळजवळ नाहीतच आणि 'अ फ्यू' म्हणजे आहेत थोडे. एका 'अ'ने उत्तर पालटतं. यांचा अर्थ सगळ्यांना 'येतो', पण वेगात वाचताना यांच्यावरूनच डोळा घसरतो.

भुसावळ_आऊटर

शब्द विसरण्याबद्दल. माझा भाऊ खोक्याची पद्धत वापरायचा, सेबास्टियन लाइटनर या लेखकाने १९७० च्या दशकात ती लोकप्रिय केली. मिठाईचे पाच रिकामे बॉक्स घ्यायचे. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूच्या चिठ्ठ्या कापायच्या. पुढे वाक्य, त्यात शब्दाच्या जागी रेघ, मागे शब्द. नवी चिठ्ठी पहिल्या खोक्यात, ते रोज बघायचं. शब्द आठवला की चिठ्ठी दुसऱ्या खोक्यात, ते दोन-तीन दिवसांनी. मग आठवड्याने, पंधरवड्याने, महिन्याने. कुठेही चुकली की परत पहिल्यात. आठवणारे शब्द पुन्हापुन्हा बघण्यात वेळ जात नाही आणि विसरणारे सुटत नाहीत.

विसरणं हा काही आपला दोष नाही. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं पहिल्या एक-दोन दिवसांत सगळ्यात झपाट्याने जातं आणि मग गळती मंदावते. म्हणून दुसऱ्या दिवशीची उजळणी सगळ्यात मोलाची. रोज ५० नवे शब्द घेतले तर कालच्या ५० कडे बघणार कधी? दहा घ्या. फोनवर हवं असेल तर अँकी नावाचं अ‍ॅप हेच काम करतं. भाऊ मात्र चिठ्ठ्याच वापरायचा, ड्युटीला जाताना पॅसेंजरमध्ये खिशातून काढायचा.

धुळ्याची_सिस्टर

सखी, मीपण नर्स. एनएमसीला ओईटीही चालते, आरोग्यसेवकांसाठीची इंग्रजी परीक्षा. रीडिंगमध्ये ४२ प्रश्न, वेळ ६० मिनिटं, त्यातल्या पहिल्या भागात १५ मिनिटांत २० प्रश्न. मजकूर सगळा आरोग्याचा. मी तीच दिली आणि पास झाले. पण तुझे आयईएलटीएसचे बाकीचे गुण आलेत, तर घाईने परीक्षा बदलू नकोस. दोन्हींचा एकेक सराव पेपर घरी घड्याळ लावून सोडव आणि मग ठरव.

एक सांगते. आपल्याला वॉर्डमधले शब्द वेगळ्या अर्थाने पक्के असतात, तिथे फसायला होतं. 'डिस्चार्ज' म्हटलं की आपल्याला घरी सोडलेला पेशंट दिसतो, नाहीतर जखमेतला स्राव. नदीवरच्या उताऱ्यात 'डिस्चार्ज' म्हणजे विसर्ग, पावसाळ्यात हतनूर धरणाची बातमी येते तोच. 'कल्चर' म्हणजे आपल्याला ब्लड कल्चर. 'क्रिटिकल' म्हणजे अत्यवस्थ, पण उताऱ्यात 'क्रिटिकल रिव्ह्यू' आला तर तो चिकित्सक आढावा. मराठीतही बघ, 'चिकित्सा' शब्दात उपचार आणि पारख दोन्ही आहेत. अशा शब्दांसाठी मी वहीची शेवटची चार पानं ठेवली होती.

सातपुडा_सखी

सगळ्यांचे मनापासून आभार. ओईटीचा पेपर सोडवून पाहिला, पण आयईएलटीएसच पुन्हा द्यायचं ठरवलंय. वेळेचं काय करू तेवढं सांगा.

मृगबाग

तीन उतारे मिळून २१५० ते २७५० शब्द असतात. म्हणजे एक उतारा साधारण ७०० ते ९००. मिनिटाला १५० शब्दांनी वाचलं तरी सहा मिनिटांत एक वाचून होतो. म्हणजे तुमची २६ मिनिटं वाचण्यात जात नाहीत, परत परत मागे जाण्यात जातात. पहिल्या उताऱ्याला १७ मिनिटं ठरवा, कारण तो सहसा सोपा असतो. अडलेल्या प्रश्नावर दीड मिनिटाच्या वर थांबू नका, अंदाज लिहून पुढे चला. चुकलं तर गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही जागा रिकामी नको. रीडिंगला उत्तरं उतरवायला वेगळा वेळ मिळत नाही, तेव्हा जागच्या जागी लिहा. 'दोन शब्दांपेक्षा जास्त नको' म्हटलं असेल तिथे तीन लिहिले की बरोबर उत्तरही गेलं. स्पेलिंगचंही तसंच.

गिरणाकाठ

आठवड्यात एकच पूर्ण पेपर, घड्याळ लावून. बाकी दिवस त्याच पेपरच्या चुका. पेपरामागून पेपर सोडवणारे विद्यार्थी मी पुष्कळ पाहिले, त्यांचे गुण जागचे हलत नाहीत. प्रत्येक चुकीपुढे कारण लिहा: शब्द अडला, वाक्य अडलं, डोक्यातलं ज्ञान घातलं, की वेळ संपला. नाइट ड्युटीच्या आठवड्यात नवीन काही घेऊ नका, नुसत्या चिठ्ठ्या बघा आणि झोप घ्या.

सातपुडा_सखी (सात आठवड्यांनी)

धागा वर आणते, कारण सांगायचं आहे. शेवटचे चार पेपर: २७, २९, ३०, ३१.

चुकांची वही सरांनी सांगितली तशी ठेवली. सुरुवातीला मला वाटायचं शब्दच अडतात. पहिल्या पेपरच्या १५ चुका लिहून काढल्या तर शब्दामुळे गेलेल्या फक्त चार निघाल्या. पाच 'डोक्यातलं ज्ञान', तीन वाक्य न कळल्यामुळे, तीन वेळेमुळे. ते पाहून त्या दिवशी मला रडू आलं. वर्षभर मी भलत्याच गोष्टीवर जीव काढत होते.

तोरणमाळ सरांचं 'विच वॉज' सगळ्यात जास्त कामी आलं. आता लांब वाक्याची भीती वाटत नाही. मथळ्यांचे प्रश्न अजून कच्चे आहेत, त्यात दोन-तीन जातातच. पाचव्या खोक्यात १९० चिठ्ठ्या पोचल्यात. परीक्षा पुढच्या महिन्यात, पुण्याला जायचं आहे.

मृगबाग भाऊंसारखा एक उतारा मी स्वतः रचलाय, आमच्या हॉस्टेलच्या मुलींसाठी. इथेही टाकते:

"पाणलोट क्षेत्रात जोरदार पाऊस झाल्यामुळे धरणाचे आठ दरवाजे पूर्ण उघडण्यात आले. नदीकाठच्या गावांना सावध राहण्याचा इशारा देण्यात आला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस ओसरल्यावर चार दरवाजे बंद करण्यात आले."

१. पावसामुळे धरणाचे दरवाजे उघडावे लागले.
२. नदीकाठच्या गावांत पाणी शिरलं.
३. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे दरवाजे बंद झाले.

कळण्याची_भाकर

पहिलं ट्रू. तिसरं फॉल्स, आठातले चारच बंद झाले. दुसऱ्याला हात थबकला, कारण आठ दरवाजे उघडल्यावर काठाला काय होतं ते लहानपणापासून पाहिलंय. पण उताऱ्यात फक्त इशारा दिलाय, पाणी शिरल्याची ओळ नाही. नॉट गिव्हन.

ताई, अजून असे चार-पाच उतारे असतील तर टाका. पुतणी यंदा बारावीला आहे, तिच्याकडून सोडवून घेतो.